आरशातली पुटकुळी आणि ताटातली भाकरी

दोस्तांनो, सातवीपर्यंत आरशाकडे ढुंकूनही न बघणारी मुलं नववीत गेली की आरशासमोरून हलत नाहीत. कारण काय, तर कपाळावर, गालावर, हनुवटीवर उगवलेल्या पुटकुळ्या! आणि त्या येतातही कशा नेमक्या वेळेला! उद्या स्नेहसंमेलन, की आज नाकाच्या शेंड्यावर लालबुंद दिवा लागलाच म्हणून समजा.

मग घरातली सल्लागार मंडळी जमतात. आजी म्हणते, "अंगात उष्णता झाली." आई म्हणते, "शेंगदाणे कमी खा." दादा म्हणतो, "रात्री टूथपेस्ट लावून झोप." शेजारच्या काकू म्हणतात, "पोट साफ होत नसेल." आणि कुणीतरी एक ट्यूब आणून देतं, "ही लाव, चार दिवसांत चेहरा साफ!"

यातले काही सल्ले अर्धे खरे आहेत, काही निरुपद्रवी आहेत आणि शेवटचा मात्र खरोखर धोक्याचा आहे. कुणाचं ऐकायचं हे ठरवायचं, तर आधी पुटकुळी येते कशी ते समजून घ्यायला हवं.

कातडीखालचा तेलघाणा

आपल्या कातडीत लाखो बारीक छिद्रं असतात. प्रत्येक छिद्रातून एक केस उगवतो आणि त्या केसाच्या मुळाशी एक छोटीशी तैलग्रंथी असते. तो आपल्या शरीराचा तेलघाणाच म्हणा ना! त्यातून निघणारं तेल कातडीला मऊ ठेवतं. लहानपणी हा घाणा अगदी सुस्त असतो, म्हणून बाळाचे गाल कोरडे आणि नितळ दिसतात.

वयात येताना शरीरात अँड्रोजन नावाची हार्मोन्स वाढतात. ती मुलांमध्ये जास्त असतात, पण मुलींमध्येही असतातच. ती या घाण्याला हुकूम सोडतात, "चल, काम वाढव!" तेल भराभर तयार होऊ लागतं. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी एकमेकींना चिकटतात आणि छिद्राला बूच बसतं. मागे तेल साठतं. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर मुक्कामाला असलेले काही जिवाणू त्या तेलावर वाढतात. शरीराचे शिपाई तिकडे धावतात, सूज येते, जागा लाल होते. झाली पुटकुळी तयार! पुस्तकी मराठीत तिला 'तारुण्यपीटिका' म्हणतात.

आता एक गंमत ऐका. बूच बसल्यापासून पुटकुळी बाहेर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणजे 'काल संध्याकाळी भजी खाल्ली म्हणून आज पुटकुळी आली' हा हिशेब चुकतो. आज दिसणाऱ्या पुटकुळीची तयारी बऱ्याच दिवसांपासून चाललेली असते. आणि ते काळे ठिपके असतात ना, त्यांतला काळेपणा म्हणजे मळ नव्हे. छिद्राच्या तोंडाशी आलेल्या तेलाचा आणि पेशींतल्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध आला की तो काळा रंग येतो. त्यामुळे दिवसातून दहा वेळा साबण चोळून तो जात नाही. उलट कातडी सोलवटते आणि सूज वाढते.

निरोप्यांची गोष्ट

हे हार्मोन प्रकरण आहे तरी काय? १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग हे दोन शास्त्रज्ञ पचनाचा अभ्यास करत होते. आतड्यात अन्न आलं, की स्वादुपिंड पाचक रस सोडतं. हा निरोप नसांमधून जात असणार, असं तेव्हा सगळे मानत. या दोघांनी आतड्याच्या एका भागाच्या नसा तोडून पाहिल्या, तरीही निरोप पोचला! आतडं रक्तात एक द्रव्य सोडत होतं आणि रक्ताबरोबर ते द्रव्य स्वादुपिंडापर्यंत जात होतं. पुढे १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा द्रव्यांसाठी 'हार्मोन' हा शब्द वापरला. ग्रीक भाषेतल्या 'चालना देणे' या अर्थाच्या शब्दावरून तो घेतला होता. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो. अर्थ तोच!

उंची वाढणं, आवाज फुटणं, मिसरूड येणं, पाळी सुरू होणं ही सगळी कामं हेच निरोपे करतात. पुटकुळी हा त्याच कामाचा एक उपद्व्याप आहे. म्हणून दहापैकी आठ-नऊ मुलामुलींना या वयात थोड्याफार पुटकुळ्या येतातच. बहुतेकांची हार्मोन्स 'बिघडलेली' नसतात, ती आपल्या वेळेवर आपलं काम करत असतात. घड्याळ बरोबर चाललंय, फक्त त्याचे टोले जरा मोठ्याने वाजताहेत!

तर मग खाण्यापिण्याचा काही संबंध आहे का? आहे. पण तो किती, हे शोधायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली.

चॉकलेट, बेट आणि मेलबर्नची मुलं

१९६९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. पुटकुळ्या असलेल्या ६५ जणांना काही आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली आणि नंतर काही आठवडे तशीच दिसणारी, पण चॉकलेट नसलेली वडी दिली. फरक दिसला नाही. झालं, 'खाण्याचा आणि पुटकुळ्यांचा संबंध नाही' असं पुढे अनेक वर्षं सांगितलं गेलं. पण दुसऱ्या वडीत काय होतं माहीत आहे? साखर आणि तूपतेल जवळपास तेवढंच! म्हणजे तुलना केली गोडाची गोडाशी. मग फरक दिसणार कसा?

२००२ साली एक वेगळी माहिती प्रसिद्ध झाली. पापुआ न्यू गिनीतल्या किटावा नावाच्या बेटावर डॉक्टरांनी १२०० लोकांचे चेहरे तपासले. त्यांत १५ ते २५ वर्षांचे ३०० जण होते. पुटकुळी एकाच्याही तोंडावर सापडली नाही! त्यांचं खाणं म्हणजे कंदमुळं, रताळी, फळं, नारळ आणि मासे. साखर, मैदा, बिस्किटं जवळजवळ नाहीतच. अर्थात त्यांचा वंश, हवा, राहणी सगळंच वेगळं. म्हणून एवढ्यावरून निकाल लावता येत नाही.

मग २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरातला प्रयोग प्रसिद्ध झाला. १५ ते २५ वर्षांच्या ४३ मुलग्यांचे दोन गट केले. एका गटाला रक्तातली साखर सावकाश वाढवणारं जेवण, दुसऱ्याचं नेहमीसारखं खाणं. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या मुलांच्या पुटकुळ्या सरासरी २३.५ ने कमी झाल्या, दुसऱ्या गटात १२ ने. पहिल्या गटातल्या मुलांचं वजनही घटलं होतं, त्यामुळे नेमका कशाचा किती परिणाम झाला हे सांगणं अवघड. पण दिशा मात्र कळली.

याचं कारण पुन्हा निरोप्यांमध्येच आहे. मैद्याचा पाव, गोड बिस्किटं, थंड पेय असं काही पोटात गेलं की रक्तातली साखर झपकन वर जाते. ती खाली आणायला शरीर इन्शुलिन नावाचं हार्मोन सोडतं. इन्शुलिन वाढलं की वाढीचं काम करणारं आणखी एक हार्मोन जोर धरतं आणि दोघं मिळून तेलघाण्याला ढोसतात. वयात येताना हा घाणा आधीच जोरात असतो. वरून दिवसातून चारदा गोड ढोसणी कशाला?

म्हणजे हार्मोन्सचं 'संतुलन' या शब्दाचा साधा अर्थ एवढाच: जेवणाने हार्मोन्सचं बटण बंद करता येत नाही, पण त्यांना उगाच डिवचणं थांबवता येतं.

आपलं खानदेशी ताट

त्यासाठी महागडी पावडर किंवा परदेशी फळं आणायची गरज नाही. जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरातलं जुनं ताट याबाबतीत फार शहाणं आहे.

दादरची भाकरी घ्या. दादर म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, मैद्यात ३ ग्रॅमसुद्धा नसतो. चोथा असला की साखर रक्तात हळूहळू उतरते. कळण्याची भाकरी तर त्याच्याही पुढची, कारण ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो. प्रथिनं आली की पोट लवकर भरतं आणि अकरा वाजता बिस्किटांचा पुडा आठवत नाही. भाकरीबरोबर उडदाची डाळ, मेथी, चवळी, गवार, कांद्याची पात काहीही चालेल.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली ती मोठी हिरवी वांगी! जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. भरीत-भाकरी खुशाल खा. फक्त वर तरंगणाऱ्या तेलाचा मोह आवरा, कारण वांगं तेल पिऊन घेतं.

आणि केळी? रावेर-यावलच्या मुलांना घाबरण्याचं कारण नाही. केळी खाल्ल्याने पुटकुळ्या येतात याला आधार नाही. मधल्या सुट्टीत एक केळं आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, हा गोड बिस्किटांपेक्षा कितीतरी चांगला डबा. शेंगदाण्यांवरचा आळही आजवर कुणाला सिद्ध करता आलेला नाही.

शेवभाजीचं काय, असं विचारणार ना? तिखटाने पुटकुळी येते याचा पक्का पुरावा नाही. पण तळलेली शेव, तेलाची तर्री आणि बरोबर चार पाव, हे रोजचं जेवण नव्हे. कधीतरी मजेत खा. आखाजीला मांडे आणि आमरस ओरपलात तरी चेहऱ्याचं काही बिघडत नाही. सणाच्या एका दिवसापेक्षा रोजच्या सवयी मोजायच्या असतात. रोजचं थंड पेय ही खरी चोरवाट आहे. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सात-आठ चमचे साखर मावते! त्यापेक्षा ताक, नाहीतर आवळ्याचं किंवा कैरीचं थोडं गोड सरबत घ्या.

दुधाबद्दल थोडा वाद आहे. जास्त दूध पिणाऱ्या मुलांमध्ये पुटकुळ्या थोड्या अधिक दिसल्या, असं काही पाहणीत आढळलं. पण वाढत्या हाडांना कॅल्शियम लागतं. म्हणून दूध, दही, ताक मनाने बंद करू नका. जिमला जाणाऱ्या दादालोकांनी मात्र ऐका! दुधातल्या प्रथिनांची पावडर सुरू केल्यावर अंगावर, पाठीवर पुटकुळ्या उठल्या असतील, तर ती थांबवून बघा. भिजवलेले हरभरे आणि अंडी बिचारी कधीची वाट बघताहेत.

ऊन, घाम आणि स्कार्फ

आजीची 'उष्णता' अगदीच खोटी नाही हं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. घाम, धूळ आणि घासणारा कपडा एकत्र आले की छिद्रं चिडतात. उन्हासाठी चेहऱ्याभोवती गुंडाळलेला स्कार्फ हवाच, पण तो सुती असावा आणि रोज धुतलेला असावा. क्रिकेटची टोपी आणि हेल्मेटचा पट्टा यांनाही हाच नियम.

चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवा, खेळून आल्यावर आणखी एकदा. दगडाने भांडं घासल्यासारखं घासू नका. डोक्याला तेल चोपडून ते कपाळावर ओघळू देऊ नका. पाणी भरपूर प्या. पाण्याने पुटकुळ्या बऱ्या होत नाहीत, पण आपल्या उन्हाळ्यात ते जिवाला लागतंच.

टूथपेस्ट, खायचा सोडा आणि लिंबू चेहऱ्यापासून लांब ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात, आणि ऊन आपल्याकडे काही थोडंथोडकं नाही! पुटकुळी फोडूही नका. ती आपोआप गेली असती, तिचा खड्डा मात्र वर्षानुवर्षं राहतो.

झोपेचा डबा

दहावीचं वर्ष, पहाटेचा क्लास, रात्री मोबाइल. यात झोप कापली जाते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. झोप कमी पडली, परीक्षेचा ताण वाढला, की ताणाची हार्मोन्स वाढतात आणि पुटकुळ्याही उफाळतात. परीक्षेच्या दिवसांत चेहरा खराब होतो असं मुलं म्हणतात, ते खरंच आहे.

मैदानावर तासभर खेळा. मेहरूण तलावाकाठी सायकल फिरवा, धुळ्याची मंडळी रविवारी लळिंगचा किल्ला चढा. हालचाल केली की शरीर कमी इन्शुलिनमध्ये साखर वापरायला शिकतं. शिवाय आरशासमोरचा वेळ वाचतो तो वेगळाच!

त्या ट्यूबपासून सावधान!

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बाजारात अशी काही मलमं मिळतात ज्यांत स्टिरॉइड असतं. काहींमध्ये तर गोरं करणारं औषध, सोलणारं औषध आणि स्टिरॉइड अशी तिघांची खिचडी असते. लावल्यावर चार दिवसांत लाली उतरते, चेहरा उजळ वाटतो. घरातले खूश! मैत्रिणीही तीच ट्यूब आणतात. पण काही आठवड्यांनी कातडी पातळ होते, गालावर लाल बारीक शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते आणि पुटकुळ्या दुपटीने येतात. ट्यूब बंद केली की आग-आग होते, म्हणून पुन्हा लावायची. सुटका नाही!

हे फक्त कुठेतरी दूर घडतं असं समजू नका. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १२ ठिकाणी मिळून केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण अशी स्टिरॉइडची मलमं चेहऱ्याला लावत होते आणि त्यांतल्या अनेकांना त्यामुळेच पुटकुळ्यांसारखे फोड आले होते. म्हणजे ज्या रोगासाठी औषध, तोच रोग औषधाने! २०१८ साली सरकारने १४ स्टिरॉइडयुक्त मलमांवर नियम कडक केले, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पण कायदा काउंटरवर उभा राहू शकत नाही. तिथे तुम्हीच उभे राहायचं आणि म्हणायचं, "चिठ्ठी नाही, ट्यूब नको."

आई-बाबांसाठी

"काय तोंड करून घेतलंयस!" हे वाक्य घरातून हद्दपार करा. पुटकुळ्या आळसाने, घाणेरडेपणाने किंवा मनातल्या वाईट विचारांनी येत नाहीत. मुलगी असेल तर "लग्न कसं होणार" ही काळजी नववीत कशाला? चेहऱ्यामुळे वर्गात हात वर करणं, फोटोत उभं राहणं मुलं टाळू लागतात. घरचा टोमणा त्यात भर घालतो.

मात्र पुढच्या गोष्टी दिसल्या तर उशीर न करता डॉक्टरांकडे न्या: दुखणाऱ्या मोठ्या गाठी येणं, खड्डे पडणं, मूल उदास राहणं. मुलींची पाळी पहिली एक-दोन वर्षं पुढेमागे होते, ते स्वाभाविक आहे. पण त्यानंतरही ती महिनोन्‌महिने चुकत असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हार्मोन्सची तपासणी हवी. ही लपवायची गोष्ट नाही. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथल्या रुग्णालयांत त्वचेच्या तक्रारी दाखवता येतात. औषध सुरू झालं की परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चौथ्या दिवशी डॉक्टर बदलू नका.

करून पाहा: आठ आठवड्यांची वही

१. दर रविवारी, एकाच वेळी, एकाच उजेडात चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या मोजा आणि वहीत लिहा. रोज मोजायचं नाही!

२. रोज तीन खुणा करा: आज थंड पेय, गोड बिस्किटं किंवा मैद्याचं काही खाल्लं का? आठ तास झोपलो का? खेळलो का?

३. पहिले दोन आठवडे काहीच बदलू नका, फक्त नोंद करा. मग सहा आठवडे गोड पेय आणि बिस्किटं बंद, भाकरी-डाळ-भाजी सुरू.

४. शेवटी आकडे एकमेकांशेजारी मांडा.

काहींचे आकडे उतरतील, काहींचे जागचे हलणार नाहीत. कारण आई-बाबांकडून आलेली कातडी प्रत्येकाची वेगळी असते. आकडे उतरले नाहीत तर ती तुमची हार नव्हे. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना ती फार उपयोगी पडेल. आणि वर्गात कुणाच्या चेहऱ्यावरून कुणी हसत असेल, तर त्याला तेलघाण्याची ही गोष्ट जरूर सांगा. पुढच्या वर्षी त्याचाही घाणा सुरू व्हायचाच आहे!